एक लाल, दोन निळ्या

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळमजल्यावर संग्रहालयाचं दालन आहे. डाव्या भिंतीला काचेची बारा कपाटं. पहिल्यात गर्भ राहतो त्या दिवसाचा गोळा, डोळ्यांना दिसावा म्हणून हजारपट मोठा केलेला. पुढे चौथा आठवडा, हृदयाच्या जागी नुसता उंचवटा. मग बोटं सुटी होताना, मग भुवया फुटताना, मग डोकं खाली करून वाट बघणारं पूर्ण दिवसांचं मूल. बाराव्या कपाटात दोन दिवसांचं बाळ. हे सगळं ज्या बाईंनी प्लास्टरमध्ये घडवलं त्यांना सगळे बाहुलीताई म्हणत.

त्यांचे वडील कौलांच्या कारखान्यात साचे करायचे, त्यामुळे हात घरचाच होता. ज्ञान मिळालं ते आमच्या जुन्या विभागप्रमुखांकडून. ते त्यांना शेजारी बसवून शिकवायचे आणि समजलं की नाही ते उलट विचारायचे. बारा कामांना तीन वर्षं लागली. मी आस्थापना शाखेत कारकून होतो. प्लास्टरच्या गोण्यांच्या मागणीवर सही करता करता मलाही बाळ कसं वाढतं ते बरंचसं कळलं.

बारावं बाळ म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी. आमच्याच रुग्णालयात झाली. दुसऱ्या दिवशी ताई खाटेवर बसून दोऱ्याने तिच्या डोक्याचा घेर मोजत होत्या. परिचारिका ओरडली, "अहो, आधी दूध पाजा. मापं कसली घेताय, झबलं शिवायचंय का?"

"लोक फोटो काढतात, मी मापं काढते," ताई म्हणाल्या.

चपटं नाक, खांद्यांवरची लव, दुमडलेला कान, काखेत राहून गेलेला पांढरा चिकट थर, सगळं त्या बाळात उतरलं. भिंतीवर पितळी पाटी लागली, तिच्यावर ताईंचं नाव.

जुने प्रमुख निवृत्त झाले आणि नवे सर आले. पहिल्याच महिन्यात त्यांनी ती पाटी काढली आणि जागी स्वतःच्या नावाची लावली, "संकल्पना व निर्मिती". परगावचे पाहुणे यायचे होते, शिपाई रजेवर होता, म्हणून चारही स्क्रू सरांनी स्वतःच पिळले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

ताई विचारायला गेल्या तेव्हा मी फाइल घेऊन तिथेच उभा होतो.

"सर, बारावी माझी मुलगी आहे हो."

"मग घरी न्या तिला," सर हसून म्हणाले. "गवंडी घरावर स्वतःचं नाव लावतो का? तुम्ही साचे ओतता बाई. सांगितलं तेवढं करायचं, डोकं चालवायचं नाही."

बाहेर आल्यावर ताईंनी कोपऱ्यात टाकलेली जुनी पाटी फडक्यात गुंडाळली आणि हत्यारांच्या खणात ठेवली. मी समजूत घालायला लागलो तर मला थांबवलं.

"साहेब, मूल नऊ महिन्यांत होतं. माझ्या रागाला नऊ वर्षं लागली तरी चालतील. पण तो पडायचा नाही, पूर्ण दिवसांचाच होईल."

लागली ती नऊच वर्षं. त्या काळात सरांनी ताईंच्या दोन वेतनवाढी अडवल्या आणि परीक्षकांसमोर "आमची प्लास्टरवाली" अशी ओळख करून दिली. ताईंनी ताकास तूर लागू दिली नाही. रोज वेळेवर यायच्या, भिंतीवरच्या पाटीकडे बघायच्या आणि कामाला लागायच्या.

मग तपासणी समिती येणार असं पत्र आलं. सरांनी तेरावं काम काढलं, पूर्ण दिवसांची गर्भपिशवी, उभी कापलेली, माणसाच्या उंचीची. आत बाळ, वार आणि हाताएवढी जाड नाळ, आतल्या रक्तवाहिन्या दिसतील अशी. जुन्या बारांत नाळ नुसती पांढरी होती, इथे रंग द्यायचे होते. सरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, "सर्व धमन्या लाल, सर्व शिरा निळ्या."

ताई चिठ्ठी घेऊन परत गेल्या. मला मुद्दाम बरोबर नेलं.

"सर, नाळेत दोन धमन्या आणि एक शीर. तिथेही हेच रंग का?"

"नाळ काय आभाळातून पडली? नियम म्हणजे नियम. डोकं चालवू नका म्हणून कितीदा सांगायचं?"

"तसं लिहून द्या म्हणजे चूक व्हायची नाही."

सरांनी वर न बघता खरडलं, "नाळेतही तसेच", आणि सही ठोकली. ताईंनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. "आवक शिक्का मारा, साहेब. आणि फाइलला लावा."

मी मारला. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला हसू म्हणता येणार नाही.

काम झालं. ताईंनी त्याच्यावर चादर टाकून दालनाला कुलूप लावलं. तपासणीपर्यंत एकाही विद्यार्थ्याला आत सोडलं नाही. "चुकीचं कुणी शिकायला नको," एवढंच मला म्हणाल्या. तेव्हा मला शंका आली. मी विचारलं नाही.

समितीत तिघे होते. त्यांतल्या वयस्कर डॉक्टरबाई नाळेपाशी थबकल्या. मागे अधिष्ठाता, सर, मी आणि दाराशी ताई.

"दोन लाल, एक निळी? ही कोणी रंगवली?"

सरांचा चेहरा पडला, पण तोंड लगेच चाललं. "आमची प्लास्टरवाली. अडाणी बाई हो, सांगितलेलं ऐकत नाही. डोकं चालवते."

"साहेब," ताई मला म्हणाल्या, "फाइल."

मी चिठ्ठी काढून दिली. डॉक्टरबाईंनी ती दोनदा वाचली, सही सरांना दाखवली आणि ताईंकडे वळल्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं पाण्याने भरलेली असतात, ती रक्त शुद्ध करत नाहीत. ते काम आईची वार करते. वारेतून शुद्ध रक्त शिरेने बाळाकडे येतं, म्हणून शीर लाल. बाळाकडून अशुद्ध रक्त दोन धमन्यांनी परत जातं, म्हणून त्या निळ्या. बाहेर येऊन बाळ पहिल्यांदा रडलं की हा मामला उलटतो."

"मग असं का केलं?"

"सांगितलं तेवढंच केलं. डोकं चालवायची मनाई होती."

ताईंनी पिशवीतून दुसरी नाळ काढली, एक लाल, दोन निळ्या. पहिली खुंटीवरून उपसून ही बसवायला मिनिटसुद्धा लागलं नाही. चुकीची नाळ त्यांनी सरांच्या हातात ठेवली.

"तुमची निर्मिती, सर. घरी न्या."

डॉक्टरबाईंनी वर पाटीकडे पाहिलं. "ज्यांना हे कळतं त्यांचं नाव हवं इथे. ते दिसल्याशिवाय मी अहवालावर सही करणार नाही." अधिष्ठात्यांनी मान हलवली. सरांनी शिपायाला हाक मारली.

"शिपाई कशाला?" ताईंनी एप्रनच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. "तुम्हीच लावली होती ना? तुम्हीच काढा."

सर स्टुलावर चढले. तीन स्क्रू निघाले. चौथा गंजला होता, हलेना. सरांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली. मला दया आली, मी पुढे झालो, तर ताईंनी हात आडवा केला. दुसऱ्या हातात फडकं सोडून चकचकीत केलेली जुनी पाटी होती.

"सावकाश काढा, सर," त्या म्हणाल्या. "मला घाई नाही."