उरलेलं एक नाव

फर्गस लिडीच्या घरात ऑनरचं नाव वर्षानुवर्षं कुणी काढलं नव्हतं.

ऑनर ही त्याची आणि फिलोमिनाची एकुलती एक लेक. लहानपणीच मेंदूज्वराने गेली. फर्गस तेव्हा इंग्लंडात, लीड्सला साहित्य शिकवायचा आणि विद्यार्थ्यांना घेऊन प्रागला नाटक करायला गेला होता. तो परतला तोवर शवपेटीला खिळे ठोकून झाले होते. पोरीला आयर्लंडातल्या किलकॉर्नीला, त्याच्या जन्मगावी, त्याच्या आईशेजारी पुरलं. आणि आठवड्याभरात हा गडी पुन्हा तालमीला उभा!

“काळीज आहे की धोंडा?” फिलोमिनाने विचारलं होतं. तो वही उचलून निघून गेला. तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही.

निवृत्तीनंतर दोघं किलकॉर्नीला राहायला आली. जुन्या नाटकांवर जाडजूड ग्रंथ लिहिलेला हा माणूस चर्चच्या हॉलमध्ये गावकऱ्यांची नाटकं बसवू लागला. पॅच हेहिर खाटीक, डेलिया टपाल वाटणारी. पण फर्गस कुणाची गय करायचा नाही.

“शब्द काय, पोपटही पाठ करतो रे पॅच. सूर कुठाय तुझा?”

“दुकानात विसरलो मास्तर, मटणाखाली,” पॅच म्हणायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

त्या हिवाळ्यात शेकोटी पेटवता पेटवता फर्गस कोसळला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. काही दिवसांनी जीभ थोडी वळली. उशाशी ठेवलेल्या पाण्याकडे बघून तो म्हणाला, “ऑनर.”

फिलोमिना खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली. पण मग चहा हवा, तरी ऑनर. खिडकी लाव, ऑनर. तिला हाक मारायची, तरी ऑनर.

“असं होतं बाई,” डॉक्टर म्हणाले. “सगळे शब्द पुसले जातात आणि एखादाच मागे राहतो. तोच का, ते कुणाला सांगता येत नाही. त्यात अर्थ शोधू नका.”

अर्थ शोधू नका! दिवसभर ते नाव कानावर आदळत होतं. एका सकाळी ओटची लापशी भरवताना त्याने पुन्हा तेच म्हटलं आणि तिने वाटी आपटली.

“पुरे! तेव्हा हे नाव तुझ्या तोंडून ऐकायला जीव टाकत होते मी. तेव्हा दातखीळ बसली होती तुझी!”

त्याने चांगल्या हाताने तिची बाही धरली. तिने ती सोडवून घेतली.

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीचे, उपास सुरू होण्याआधी पॅच आणि डेलिया त्याला तालमीला न्यायला आले. “चला मास्तर, तुम्ही नाही तर मी मोकाट सुटलोय.” फिलोमिना नाइलाजाने त्याची चाकांची खुर्ची ढकलत गेली आणि मागच्या बाकावर बसली.

पॅचने संवाद घाईघाईने उरकला. “ऑनर!” फर्गस कडाडला. जुन्या माणसांना ते नाव ठाऊक होतं. पॅचने मान खाली घालून तोच संवाद सावकाश म्हटला.

मग डेलियाचा प्रवेश आला. लेक अमेरिकेला निघालेली, आई, म्हणजे डेलिया, तिला उठवायला येते. डेलियाने हाक मारली. फर्गसने नकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा मारली. तो खुर्चीचा हात धरून अर्धवट उठला आणि हलकेच म्हणाला, “ऑनर...” झोपलेल्या पोराला उठवायचं तर असतं, पण मन होत नाही, तशी हाक.

फिलोमिना उठून बाहेर गेली आणि भिंतीला टेकून हमसून रडली.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने बोलायला सुरुवात केली. शेवटच्या तापाचे दिवस, पोरीने मागितलेलं जर्दाळूचं सरबत, “बाबा आले का?” म्हणून दाराकडे लावलेले डोळे. सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि मधून मधून तो एकच शब्द बोलला. रोज थोडं थोडं असं चाललं. ईस्टरच्या आधी दुसरा झटका आला आणि तो गेला.

नाटकाच्या दिवशी डेलिया बोलवायला आली. “चला ना बाई. मास्तरांच्या मनात लेकच होती. आम्ही सगळ्यांनी ऐकलं ना!”

“असेल,” फिलोमिना म्हणाली. “डॉक्टर तर म्हणाले, त्यात अर्थ शोधू नका. ज्याला विचारायचं, तो बोलता असताना मी विचारलं नाही गं. एकदा विचारलं, तेही धोंडा म्हणून.”

तिने डेलियाला दारापर्यंत पोचवलं आणि कडी लावली.