दसऱ्याला पुजलेला लॅपटॉप

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण फजिती माझीच आहे आणि मला अजून तिचं धड हसू येत नाही.

इंदिरानगरात राहायचो आम्ही. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बाबा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. होते म्हणजे काय, त्या उन्हाळ्यात कारखान्याला टाळं लागलं आणि बाबांची कंपनीची बॅग दारामागच्या खुंटीला जी लटकली ती लटकलीच. तिला कुणी हात लावत नव्हतं.

दर दसऱ्याला बाबा पाटावर आपली हत्यारं मांडायचे. व्हर्निअर, पाने, कानस. त्या वर्षी मला म्हणाले, "माझी हत्यारं बसून आहेत रे. यंदा तुझं मांड. कामाचं आहे ते."

माझं म्हणजे लॅपटॉप. सेकंडहँड होता, पण काय तोरा होता राव माझा! त्यात अख्खा प्रोजेक्ट, तो दोन दिवसांनी कॉलेजात दाखवायचा. आणि बाबांची पूजा म्हणजे फुलानं पाणी शिंपडणार, हळद, कुंकू, अक्षता, सगळं सढळ हातानं. माझा जीव टांगणीला. म्हणून बाबा आंघोळीला गेल्यावर मी हुशारी केली. शॉर्टसर्किट नको म्हणून लॅपटॉपची बॅटरी काढली आणि कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवून दिली. कुठं, ते सांगतो.

बाबांनी झाकणाला कुंकू लावलं, आपट्याचं पान ठेवलं आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. कारखाना बंद पडल्यापासून त्यांचा चेहरा इतका खुललेला मी पहिल्यांदाच बघत होतो.

दुपारी श्रीखंड-पुरी हाणली आणि ताणून दिली. उठलो तर लोडशेडिंग. सणाच्या दिवशीसुद्धा! म्हटलं, आपलं काय अडतंय, लॅपटॉप बॅटरीवर चालतो. बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. ढिम्म.

मग काय विचारता! घर डोक्यावर घेतलं मी. कीबोर्डच्या फटीत तांदळाचा एक दाणा सापडला, तो तर माझ्या लेखी पुरावाच. आई म्हणाली, सण आहे, हळू बोल. मी कसला ऐकतोय? बाबांना तोंडावर म्हणालो, "तुमची कंपनी बंद पडली, आता माझंही बंद पाडलंत."

हो, असंच म्हणालो.

बाबा उठले, खुंटीवरची ती बॅग काढली, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून आत ठेवला आणि बॅग खांद्याला अडकवून म्हणाले, चल, दुकान उघडं असेल.

रिक्षात बॅग त्यांनी मांडीवर घेतली. खड्डा आला की दोन्ही हातांनी ती अलगद वर उचलायचे. "चुकलं माझं," एवढंच एकदा म्हणाले. मी बाहेर बघत बसलो.

कॉलेज रोडच्या दुकानात दसऱ्याच्या खरेदीची गर्दी. मी दुकानदाराला सगळी कहाणी ऐकवली. पाणी, कुंकू, अक्षता, आमच्या बाबांची हौस. तीही आवाज चढवून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर. त्यानं शांतपणे लॅपटॉप उलटा केला.

"बॅटरी कुठाय?"

आणि मला आठवलं. अहो, आमच्या घरात जिला कुणी हात लावत नव्हतं अशी एकच तर वस्तू होती! बाबांच्या खांद्यावरच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात मी हात घातला आणि बॅटरी बाहेर काढली.

बसवली. लॅपटॉप चालू. गिऱ्हाइकं खो-खो हसली. दुकानदार म्हणाला, मशीनमध्ये काही बिघाड नाही.

बाबा हसले नाहीत. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे नाही ना बंद पडला?"

नाही म्हटलं. रिक्षात बसल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. घरी चपला काढताना पुन्हा.

पुढच्या दसऱ्याला मी आपणहून लॅपटॉप पाटावर मांडला, बॅटरीसकट. बाबांनी व्हर्निअरला कुंकू लावलं, लॅपटॉपपाशी आले आणि बोट तसंच मागं घेतलं. लावा ना बाबा, म्हटलं.

"नको रे. चालू आहे ना? राहू दे." आणि लांबूनच नमस्कार केला.

फार वाईट वाटलं मला. अजून वाटतं. तो लॅपटॉप पुढं कधीच बंद पडला नाही, पण बाबांनी त्याला परत कधी हात लावला नाही.

मशीनमध्ये बिघाड नव्हताच हो. दुकानदारानं त्या दिवशी लॅपटॉपऐवजी मलाच उलटं करून बघायला हवं होतं.