तारामाशाच्या फिल्मचा भाव

सावेडीतल्या एका शाळेचं भंगार मी उचललं, त्यात तारामाशावरच्या जुन्या फिल्मचा डबा निघाला. तेव्हापासून त्या शाळेचा निवृत्त शिपाई रोज माझ्या दुकानात येऊ लागला. खिळ्या-काचांचा ढीग असला तरी चपला बाहेर काढायचा. मग फिल्म उन्हात धरून, एक डोळा मिटून मला ऐकवायचा, "शेठ, नाव तारामासा, पन मासा न्हाई हां. हात तुटला तर नवा फुटतो. आन् ह्यो काटेवाला गोळा ह्याचाच भाऊबंद हाय." शाळेत ही फिल्म तोच दाखवायचा. मशीनचा आवाज गेल्यावर वर्षानुवर्षं सगळं तोंडानं सांगायचा.

एकदा वैतागून मी म्हणालो, "घ्यायची तर घ्या," आणि चौपट भाव सांगितला. आमच्या धंद्याची रीतच ती. गिऱ्हाईक शिव्या घालतं, निघून जायचं सोंग करतं, मी चहा मागवतो, मग कुठंतरी जमतं. हातगाडी ढकलत होतो तेव्हापासून मी असाच शिकलो.

हा माणूस दुसऱ्या दिवशी सगळे पैसे घेऊन हजर!

"अहो, घासाघीस तरी करा!" मी ओरडलो.

"तुमची वस्तू, तुमचा भाव. मी कशाला कमी बोलू?" असं म्हणून डबा छातीशी धरून तो गेला.

संतापून मी अर्धे पैसे परत द्यायला त्याच्या घरी नेले, तर म्हणतो, "येव्हार झाला, शेठ. चहा घ्या."

आता रस्त्यात दिसला की तो हात जोडतो. रीत त्यानं मोडली, आणि चोरासारखा गल्ली बदलतो मी!