आमच्या व्याह्यांचं टपाल

दोन हजार तेवीस साल. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि अख्ख्या सुरत शहरात आमच्या व्याह्यांइतकं टपाल कोणाला येत नव्हतं. कापडाच्या शेठला नाही, कोर्टातल्या वकिलाला नाही. आठवड्याला चार कार्डं, कधी पाच. आणि ती सगळी एकाच माणसाची. तो माणूस म्हणजे आमचे व्याही स्वतः. सुरतेतल्याच डिंडोलीत बसून लिहायचे, डिंडोलीच्याच लाल पेटीत टाकायचे, आणि मग डिंडोलीतल्याच आपल्या ओट्यावर बसून अशी वाट पाहायचे, जसं काही दुबईहून मुलाचं पत्र यायचंय. मी दुसरी इयत्ता शिकलेला माणूस, पण मलाही कळत होतं की हे शहाण्याचं काम नाही. तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं. मी मुलीचा बाप असलो तरी कोणाला भीत नाही.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, पण त्याआधी ते माझे खोलीतले सोबती. ऐन तरुणपणी आम्ही खानदेशातून इकडे आलो, मी लूम चालवायला आणि ते कापडाच्या घड्या घालायला. एका खोलीत आठ जण. एका ताटात जेवलो, एकमेकांच्या चपला घालून कामावर गेलो. पण त्यांच्या मुलाला माझी मुलगी दिली त्या दिवसापासून ‘अरे गधड्या’चं ‘अहो पाव्हणे’ झालं. मला ते ‘अहो’ अजून टोचतं, नव्या चपलेसारखं.

त्या खोलीत सातवी पास झालेले ते एकटेच. म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळ्यांची घरची पत्रं तेच लिहायचे. लूमच्या खडखडाटात राहून आमचे आवाज इतके वाढलेले की कोणी मजकूर सांगायला लागला की शेजारच्या खोलीतली माणसं सुधारणा सुचवायची. एकानं बायकोला ‘तुझी आठवण येते’ लिहा म्हणून सांगितलं, तर भिंतीपलीकडून आवाज आला, “मागच्या पत्रातही हेच होतं.” आठ जणांची पत्रं लिहून हात दुखायचा, म्हणून व्याह्यांनी एक सोय काढली होती. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घ्यायचे आणि प्रत्येकावर आधीच एक ओळ लिहून ठेवायचे: ‘इकडे सर्व ठीक आहे, काळजी नसावी.’ मग मान वर करून विचारायचे, “हं, बोल आता, काय झालं?”

माझं बोट लूममध्ये गेलं तेव्हाही तेच. करंगळीशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली. हाताला फडकं बांधून मी त्यांच्यापुढे बसलो. कार्डावर ‘सर्व ठीक’ होतंच. बाकीच्या जागेत बियाण्याचं आणि बहिणीच्या सोयरिकीचं लिहून झालं, तेव्हा त्यांनी विचारलं, “बोटाचं लिहू का?” मी म्हटलं, “जागा आहे का?” ते म्हणाले, “नाही.” मग राहू दे म्हटलं. पुढे आखाजीच्या सणाला गावी गेलो. दिवसभर हात खिशात ठेवून हिंडलो, पण आईनं ताट पुढं केलं की ते दोन हातांनीच घ्यावं लागतं. तिनं पाहिलं. एवढंच म्हणाली, “पत्रमा ते ठीक लिखेल व्हतं.” परत आल्यावर ही गोष्ट मी व्याह्यांना हसत हसत सांगितली. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून आधी ओळ लिहून ठेवणं त्यांनी बंद केलं.

आता लोकांच्या हातात मोबाईल आले आणि पत्र लिहून घेणारं कोणी उरलं नाही. व्याहीही म्हातारे झाले, काम सुटलं, घरी बसले आणि ब्लडप्रेशर वाढलं. डॉक्टर म्हणाले, “काका, सगळं मनात ठेवत जाऊ नका.” दुसरा कोणी असता तर गोळी घेऊन विसरला असता. व्याह्यांनी विचार केला, मनात नाही तर मग ठेवायचं कुठे. आणि टपालपेटी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच होती.

मी म्हटलं, “वहीत लिहा की. शिकलेले लोक लिहितात रोजच्या रोज.” तर म्हणाले, “वहीत लिहिलं की ते घरातच राहतं पाव्हणे, आणि फडताळातून माझ्याकडे बघत बसतं. टपालात टाकलं की तीन दिवस ते दुसऱ्याच्या अंगावर. परत येतं तेव्हा निम्मं निवलेलं असतं.” एकदा खाडीच्या पुलावरून जाताना कार्ड त्यांच्या हातातून सुटलं आणि खाली पाण्यात गेलं. मला वाटलं, हळहळतील. कठड्यावरून वाकून पाहत म्हणाले, “बरं झालं. धाकट्या भावाबद्दल होतं. जाऊ दे समुद्राकडे.” त्यांचा नियम एकच होता: ‘सर्व ठीक आहे’ असं लिहायचं नाही. म्हणायचे, “ती ओळ मी जन्माची लिहून संपवली.”

स्वतःला मायना काय लिहायचा याचीही पद्धत होती. मन खूश असलं की ‘चिरंजीव’. काही शहाणपण सुचलेलं असलं की ‘तीर्थरूप’. आणि स्वतःवर रागावले की ‘रा. रा.’ आणि एकदम अहो-जाहो. त्यांना साखरेचा आजार. चंदी पडव्याच्या सणाला सगळी सुरत घारी नावाची तुपाळ मिठाई खाते, त्या दिवशी हे दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि दूध विसरून परत आले. तीन दिवसांनी कार्ड आलं: ‘रा. रा. यांस, आज आपण चौकात उभे राहून दोन घाऱ्या खाल्ल्या व घरी येऊन भूक नाही म्हणालात. आपल्या वयाला हे शोभत नाही.’ उघडं कार्ड ते. टपाल आणणाऱ्या बेन गुजराती, पण हिंदीच्या जोरावर आमचं मराठी चाचपत वाचायच्या, आणि वाचायच्या ते मोठ्यानं. विहीणबाई दारातच तांदूळ निवडत बसलेल्या. ऐकून त्या मला म्हणाल्या, “यास्नं डोकं फिरी जायेल शे. चोरी बी ह्याच करतस, आन पोलिसमा बी ह्याच जातस.” बेनही वैतागलेल्या असायच्या. “काका, तमे ज लखो ने तमे ज वांचो, वचमां मने शुं काम दोडावो छो?” स्वतःच लिहून स्वतःच वाचायचं तर मधे मला कशाला पळवता, असं. यावर व्याही गंभीरपणे म्हणाले, “बेन, त्या मधल्या पळण्यातच औषध आहे.”

हे औषध त्यांनी मलाही द्यायचा फार प्रयत्न केला. मी गोडादऱ्याच्या माझ्या घरून भेटायला गेलो की चहाच्या आधी कोरं कार्ड पुढं. “चार ओळी लिहा पाव्हणे. हलकं वाटतं.” मी हात वर करून बोट दाखवायचो. तुटलेल्या बोटाच्या माणसाला लिहायला कसं सांगता, असं तोंड करायचो. ते बघायचे, मान डोलवायचे आणि कार्ड उचलून ठेवायचे. चाळीस वर्षं मी या बोटावर निभावलं. बँकेत, रेशनच्या दुकानात, शाळेत मुलीचा फॉर्म भरताना. दुसऱ्या इयत्तेपेक्षा तुटलेलं बोट केव्हाही जास्त इज्जतीचं असतं.

त्या साली उन्हाळा सरता सरता व्याह्यांना झटका आला. हलका आहे, म्हणाले डॉक्टर. दुसऱ्याचा झटका हलकाच असतो. जीभ वाचली, पाय वाचला, उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. घरी आल्यावर पंधरा दिवस कार्ड नाही. बेन तरीही सायकल थांबवायच्या आणि सांगायच्या, “आजे पण नथी, काका.” व्याही म्हणायचे, “लिहिणाराच आजारी आहे, बेन.” त्यांच्या मुलानं मोबाईल आणला, यात बोललं की आपोआप लिहून येतं म्हणाला. व्याही म्हणाले, “हात गेला.” मोबाईलनं लिहिलं, ‘हाथी गया.’ त्यांनी तो पालथा घालून ठेवला. माझी मुलगी लिहायला तयार होती, तर ती आत गेल्यावर मला म्हणाले, “सुनेला मनातलं सांगून उद्या तिच्याच हातचा चहा कोणत्या तोंडानं प्यायचा?” नातवंडं गुजराती शाळेत. आणि व्याह्यांचं खाणं दोन घासांवर आलं. डॉक्टर म्हणाले, हात कदाचित सुधारेल, पण यांनी धीर सोडला तर काही खरं नाही. ज्या विहीणबाई कार्डांवर चिडायच्या त्याच माझ्यापुढे हात जोडून म्हणाल्या, “यास्ले एक कार्ड लिखी द्या.”

व्याह्यांनी डाव्या हातानं कोरं कार्ड माझ्याकडे सरकवलं. मी सवयीनं हात वर केला, बोट दाखवलं.

ते म्हणाले, “पाव्हणे, बोट डाव्या हाताचं गेलंय. तुम्ही लिहिणार उजव्यानं. चाळीस वर्षं मी बोललो नाही.”

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. मी पेन घेतलं. माझं अक्षर मोठं, एका ओळीत तीन शब्द मावतात, आणि तेही एकमेकांना धरून चालतात. व्याही भिंतीला टेकून सांगू लागले. चिरंजीव, मग त्यांचं नाव. मग डोळे मिटून म्हणाले, “लिहा, इकडे सर्व ठीक आहे.”

मी पेन खाली ठेवलं. “हे मी लिहीत नाही.”

“सांगितलं ते लिहायचं. लिहिणाऱ्यानं मधे बोलायचं नसतं.”

“मी काही सातवी पास नाही. मी बोलणार. आमच्या आईनं काय म्हटलं होतं, विसरलात का?”

त्यांनी डाव्या हातानं मांडीवरचा उजवा हात उचलला आणि परत ठेवला. बाहेर भाजीवाला ओरडून पुढे गेला. मग म्हणाले, “लिहा. हात गेला. भीती वाटते.”

‘हात गेला’ मी लिहिलं. पुढं अडलो. आयुष्यात कधी हा शब्द लिहायची वेळ आलेली नव्हती. विचारावं की नाही असं झालं, पण चुकीचं लिहिलेलं कार्ड त्यांच्या दारात जाण्यापेक्षा विचारलेलं बरं. म्हटलं, “भीतीला पहिली वेलांटी की दुसरी?”

“दोन्ही दुसऱ्या,” व्याही म्हणाले. “भीती लांबच असते.” आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसले. हसता हसता डोळे पुसायला उजवा हात उचलायला गेले, तो आला नाही, म्हणून डाव्यानं पुसले. मी कार्डाकडे बघत राहिलो. मग त्यांनी सांगितलं, “पत्ता लिहा,” आणि आडवे झाले. मी पत्ता लिहिला, कार्ड खिशात घातलं आणि घरी आलो. त्यांनी भात दोनदा घेतला, असा संध्याकाळी मुलीचा फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी गोडादऱ्याच्या पेटीपाशी गेलो. टाकायच्या आधी एकदा अक्षर बघावं म्हणून कार्ड काढलं. अक्षर वाईट नव्हतं. पत्ता मात्र माझा होता. मला पत्ता लिहिता येतो तो एकच, फॉर्मांवरून गिरवून गिरवून पाठ केलेला, आणि हातानं आपलं तोच लिहून टाकला होता. पेन खिशात होतं, खोडता आलं असतं. मी पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. मग म्हटलं, येऊ दे माझ्याकडेच. तीन दिवस नाही तर चार दिवस, त्यांच्या अंगावर नाही ना. निवलं की नेऊन देईन.

कार्ड पेटीत टाकलं. आज काही येणार नाही हे माहीत होतं, तरी घरी येऊन ओट्यावर बसलो.