उजेडात धरलेली कोळंबी

इंगोले मॅडमना न विचारता कोळंबीच्या खाद्यात औषध मी कालवलं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांच्याविषयी लिहिताना मी स्वतःलाच वाचवत बसेन.

मॅडम अकोल्याच्या जुन्या शहरातल्या. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दर्यापूरजवळ आमच्या बोअरला खारं पाणी लागतं. त्या पाण्याच्या तळ्यात मी समुद्रातली कोळंबी पाळतो, हे कळल्यावर त्या एस.टी.नं आल्या आणि येतच राहिल्या. आल्या की चहा नाही, पाणी नाही. थेट जाळीतली कोळंबी उचलून उन्हात धरायच्या. पाठीतून जाणारी आतड्याची रेघ भरलेली, तपकिरी दिसली, तरच माझ्याकडे बघायच्या.

एरवी वैतागलेल्या. "वजन किती भरलं, काय विचारता भाऊ? तिचं पोट पाहा ना!" आतड्यात चांगले जंतू ठाण मांडून असले की वाईटांना जागा मिळत नाही, हे सांगून त्या थकत. गूळ आणि कोंडा आंबवून असे जंतू वाढवत, खाद्यात मिसळायला लावत. औषधाविना पीक काढून भागातल्या शेतकऱ्यांना दाखवायचं, एवढाच त्यांचा हट्ट.

एक दिवस पाण्यावर पांढरे धागे तरंगले. कोळंबीची विष्ठा; आतडं बिघडल्याची खूण. मॅडम फोनवर म्हणाल्या, "खाद्य कमी करा. मी येतपर्यंत दुसरं काई टाकू नोका."

पण मी जन्मभर पऱ्हाटी, म्हणजे कापूस, केलेला माणूस. अळी दिसली की पंप पाठीवर. नुसतं थांबणं मला जमेना. परतवाड्याहून प्रतिजैविक आणून खाद्यात कालवलं. धागे थांबले, मग दुपटीनं आले. औषधानं चांगले जंतू मेले, आणि ज्यांच्यावर ते चाललं नाही ते माजले. जाळीत मेलेली कोळंबी येऊ लागली.

नेमके तेव्हाच मॅडमनी बोलावलेले शेतकरी आले. एकानं विचारलं, "मॅडम, गुळानं शुगर झाली काय हो इले?" सगळे हसले. मॅडम हळूच म्हणाल्या, "माह्याच जंतूत खोट असन." मी बाजूलाच उभा होतो. बोललो नाही.

पीक बुडालं. मॅडमचं येणं थांबलं. शेवटी अकोल्याला गेलो, तर जंतू वाढवायच्या बरण्या धुऊन गच्चीवर पालथ्या घातलेल्या. मी सगळं सांगितलं. त्या भडकल्या. "मले काय सांगून राहिले? जे हसले त्याइले सांगा!"

त्याच शेतकऱ्यांना कोरड्या तळ्याच्या बांधावर पुन्हा जमवलं. मॅडम माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मी म्हणालो, "खोट मॅडमच्या जंतूत नव्हती. औषध मी कालवलं, अन् तुमी हसले तवा गप्प राह्यलो. मॅडम, मले माफ करा."