गुडघाभर पाणी

तोर्रेसेल्वाच्या किनाऱ्यावर सेत्तिमिओ चिंगोलानीच्या भाड्याच्या पिवळ्या छत्र्या बेचाळीस वर्षं लागत होत्या. रेल्वेच्या रुळांखालचा बुटका बोगदा ओलांडला की डाव्या हाताला त्याची जागा. लहान पोरं असलेली माणसं त्याचंच नाव विचारत यायची, आणि त्याचं कारण तिथलं पाणी. तीन वर्षांचं पोर कितीही आत धावलं तरी पाणी त्याच्या कमरेवर चढत नसे. आई खुर्चीतून न उठता हाक मारायची आणि पोर परत यायचं.

सेत्तिमिओ स्वतः मात्र तुसडा माणूस. जेवणानंतर तीन तास व्हायच्या आत कुणी पाण्यात पाय घातला की त्याची शिट्टी वाजलीच. "पोटात लसान्या घेऊन कुठं निघाला? मावशीच्या लग्नाला?" असं तो सगळ्यांसमोर ओरडायचा. तरी पोरं त्याच्याच मागे असत. त्याच्या लाल होडीत बसायला भांडत.

फोलिन्यो गावची लोरेल्ला स्वतः चार वर्षांची असल्यापासून त्याच्याकडे येत होती. पोहायला तिला त्यानेच शिकवलं. आता ती आपली दोन पोरं घेऊन यायची, पाच वर्षांची बीचे आणि तीन वर्षांचा तोबिया. पहिल्या रांगेतली चौथी छत्री तिची, हे ठरलेलंच.

मग समुद्र किनारा खायला लागला. एका हिवाळ्यात एक रांग गेली, दुसऱ्या हिवाळ्यात दोन. सरकारी माणसं आली, त्यांनी पाण्यात दगडांचे बांध घातले. वाळू थांबली खरी, पण दोन बांधांच्या मधल्या फटीतून पाणी परत जाताना असं ओढीने जाऊ लागलं की त्याने खालचा तळच उकरून काढला. मे महिन्यात छत्र्या रोवण्याआधी सेत्तिमिओ लांब काठी घेऊन पाण्यात उतरला. पंधरा पावलं नेहमीसारखी गेली. सोळाव्या पावलाला काठी टेकायला तळच नव्हता.

घरी येऊन त्याने बायकोला, इनेसला, सांगितलं.

"मग दोरी बांध," इनेस म्हणाली. "पण बोंबलत सुटू नकोस. अर्धा किनारा आधीच गेलाय, उरलेली माणसं तू घालव."

त्याने खड्ड्याच्या अलीकडे पाण्यात दोरी बांधली, तिला लाल तरंगे लावले. लोरेल्लाने पहिल्याच दिवशी विचारलं, "हे काय नवीन?"

"कोळ्यांची जाळी असतात पलीकडे," तो म्हणाला आणि छत्री उघडायला वळला.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात डोंगराकडून गरम वारा सुटला होता. असल्या वाऱ्यात समुद्र वरून तेलासारखा गुळगुळीत दिसतो. बीचेची बादली वाऱ्याने पाण्यावर सरकत गेली. बीचे तिच्यामागे गेली, दोरीखालून वाकली आणि दिसेनाशी झाली. ओरडणं नाही, पाण्याचा आवाज नाही. लोरेल्ला तेव्हा तोबियाला पीच सोलून देत होती.

सेत्तिमिओ पहाऱ्याच्या उंच खुर्चीवरून उडी मारून धावला. दुसऱ्या बुडीत त्याच्या हाताला तिचे केस लागले. वाळूवर पालथी घातल्यावर तिच्या तोंडातून पाणी आलं, मग खोकला, मग रडणं. लोरेल्ला त्याच्या ओल्या हातांचे मुके घेत होती. "तुम्ही होतात म्हणून," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आजूबाजूची माणसं टाळ्या वाजवायला लागली. सेत्तिमिओ होडीमागे गेला आणि टाळ्या थांबेपर्यंत बाहेर आला नाही.

त्या दिवसापासून त्याचं खाणं कमी झालं. बाजारात माणसं त्याची पाठ थोपटायची, कॉफी पाजायची. तो कॉफी अर्धी टाकून निघून यायचा.

फेब्रुवारीत तो एका सकाळी रबरी बूट आणि काठी घेऊन स्टेशनवर गेला. प्रत्येक गावाला उतरायचं, किनाऱ्यावर जायचं, पाण्यात शिरायचं आणि पावलं मोजायची. दगड कुठे आहेत, सावली आहे का, पोराला घेऊन रस्ता ओलांडावा लागतो का, सगळं तो एका पुठ्ठ्यावर लिहून घ्यायचा. कुत्रं फिरवणारी एक बाई हसली. "आजोबा, पोहण्याला अजून चार महिने आहेत!"

"पोहत नाही बाई. बघतोय."

इनेसला कळलं तेव्हा तिने स्वयंपाकघरात पळी आपटली. "आपल्या दारात आलेलं माणूस दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतोस? लोक वेडा म्हणतील तुला."

"म्हणू देत."

"आणि आपण काय करायचं?"

असल्या फेऱ्यांत पायांत गारठा भिनून तो आठवडाभर अंथरुणात पडला. तिनेच त्याला गरम रस्सा भरवला. पण स्वतः वेगळ्या खोलीत जेवली.

अकरा किनाऱ्यांतून त्याला एक पसंत पडला. तीन स्टेशनं उत्तरेला, कास्ताल्ता नावाचं गाव. मागे पाइनची झाडी, मध्ये रस्ता नाही, आणि शंभर पावलं आत गेलं तरी पाणी पोराच्या गुडघ्याला.

जूनमध्ये लोरेल्ला आली. गाडीतून पिशव्या, थंड भाताचा डबा, हवेने फुगवायची मगर, असं सगळं उतरत होतं. सेत्तिमिओने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि परत गाडीत ठेवली.

"इथे नको. कास्ताल्ताला जा. पोरांसाठी तिथलं पाणी चांगलं आहे." त्याने पुठ्ठा पुढे केला.

"काय झालं? रागावलात का?"

"इथे खड्डा आहे, लोरेल्ला. बीचे त्यातच पडली."

"माहीत आहे. अपघात झाला. त्याचं आता काय?"

"तो खड्डा मेपासून होता. मला ठाऊक होतं."

"जाळी म्हणाला होतात."

"हो."

"मी तुमचे हात चुंबले," ती हळू आवाजात म्हणाली. मग तिने पोरांना गाडीत बसवलं. पुठ्ठा तिने घेतला की नाही, हे बीचेच्या रिकाम्या डोळ्यांकडे बघताना त्याला कळलंच नाही. गाडी गेल्यावर त्याने रस्त्यावर शोधलं. पुठ्ठा कुठे पडलेला नव्हता.

त्या आठवड्यात त्याने येणाऱ्या प्रत्येक आईबापाला तेच सांगितलं. काही आभार मानून गेले, काहींनी शिव्या घातल्या. ऑगस्टच्या मोठ्या सणाला, जेव्हा किनाऱ्यावर टॉवेल टाकायला जागा नसते, तेव्हा त्याच्या छत्र्यांखाली सात-आठ म्हातारी माणसं पत्ते खेळत होती. एकजण म्हणाला, "बरं झालं बाबा, गलका गेला." सेत्तिमिओ त्याच्याशी पुन्हा बोलला नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी तो कास्ताल्ताला गेला. लोरेल्ला तिथे होती. तोबिया पाण्यात लोळत होता. बीचे मात्र टॉवेलवर बसली होती, पायात मोजे नि बूट.

लोरेल्लाने त्याला पाहिलं. जा म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. "वर्ष झालं," ती समुद्राकडे बघत म्हणाली. "अंघोळीलासुद्धा बादलीतलं पाणी घेते, टबात उतरत नाही."

सेत्तिमिओ बीचेजवळ वाळूत टेकला.

"इथे किती खोल आहे?" तिने विचारलं.

"तुझ्या गुडघ्याएवढं."

"तिथेपण तसंच होतं."

तो म्हणाला, "नव्हतं. मी खोटं बोललो होतो."

बीचेने मान हलवली आणि बुटाची नाडी घट्ट केली. तो तासभर तिथेच बसून राहिला. ती उठली नाही.

घरी इनेसने विचारलं, "पोर गेली का पाण्यात?"

"नाही."

तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच त्याच्या शेजारी बसली.

जागेचा परवाना त्याने त्याच हिवाळ्यात परत केला. पुढचा उन्हाळा आला तेव्हा तो पुन्हा कास्ताल्ताला जाऊन आला, एकदा जूनमध्ये, एकदा जुलैमध्ये. लोरेल्ला दिसली नाही. छत्र्या लावणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "फोलिन्योची ना? ते आता डोंगरात जातात सुट्टीला."