उजवीकडची डिस्क

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्या पप्पांना तर नाहीच. तशी मी कुणाला फारसं काही सांगत नाही – मुलगी शांत आहे, असं लोक लहानपणापासून म्हणत आलेत. शांत असण्याचा एक फायदा असतो. तुम्ही काही लपवताय, असा संशय कुणाला येत नाही.

मराठीत लिहितेय, म्हणून हळू लिहितेय. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि पोटापाण्यासाठीही मी एका कंपनीचा इंग्रजी मजकूर लिहिते – घरूनच. इंग्रजीत माझा हात इतका सफाईने चालतो की लिहिताना खोटं कुठे सुरू झालं ते माझं मलाच कळत नाही. इथे निदान अडखळायला तरी होईल.

आधी पप्पांबद्दल सांगायला हवं. पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होते. ते रिटायर होईपर्यंत आम्ही तिथल्या कॉलनीतच राहिलो. आता जेल रोडला फ्लॅट आहे. कॉलनीत पप्पांची ओळख म्हणजे त्यांचा हँडीकॅम. गणपतीतले कार्यक्रम, बारशी, हळदीकुंकू, कुणाचा निरोप समारंभ – बोलावलं असो वा नसो, पप्पा एका कोपऱ्यात कॅमेरा डोळ्याला लावून उभे. त्यामुळे इतक्या वर्षांच्या चित्रणात पप्पा स्वतः जवळजवळ नाहीतच. फक्त अधूनमधून त्यांचा आवाज येतो – 'अरे, जरा इकडे बघा की!'

आणि दुसरी गोष्ट म्हणजे लाईट. लाईट हा पप्पांसाठी घराण्याच्या अब्रूचा विषय. आई दर उन्हाळ्यात इन्व्हर्टरचं काढायची आणि पप्पा दर उन्हाळ्यात तेच म्हणायचे.

"एकलहऱ्याच्या माणसाच्या घरात इन्व्हर्टर? म्हणजे हलवायाच्या घरी बाहेरून पेढे!"

"हलवाई रिटायर झाला हो," आई म्हणायची. "दुकान आता दुसऱ्याचं आहे."

पप्पा हसायचे आणि विषय तिथेच राहायचा. आमच्याकडे इन्व्हर्टर नव्हता, एवढं लक्षात ठेवा. पुढे ते मला फार उपयोगी पडलं.

कॉलनी सोडताना पप्पांनी सगळ्या कॅसेट एका दुकानातून हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. कॅसेटना बुरशी लागली होती, आईने त्या भंगारात दिल्या. म्हणजे उरली ती एक डिस्क. काळी, जाड, तिच्या वेगळ्या वायरीसकट. पप्पा ती कपाटात, आईच्या पैठणीखाली ठेवायचे. कुणाचा ना कुणाचा फोन यायचा – आमच्या पोरीच्या बारशाचं आहे का हो तुमच्याकडे? – की पप्पा पैठणी उचलून डिस्क काढायचे, लॅपटॉपला लावायचे आणि दुपारभर शोधत बसायचे. खुशीत असायचे तेव्हा.

मला वाटलं, यांना हे सगळं टीव्हीवर दिसायला हवं. घरातल्या वायफायला जोडायचा एक डबा मिळतो. त्यात दोन डिस्क बसतात, आणि आतलं सगळं घरातल्या कुठल्याही फोनवर, टीव्हीवर बघता येतं. मी तो मागवला, सोबत एक नवी डिस्क. चार-पाच व्हिडिओ पाहिले – वेग वाढवून. त्यातल्या सगळ्यांनी दोन्ही डिस्क नव्या कोऱ्या वापरल्या होत्या. हे मला दिसलं होतं. मी त्यावर विचार केला नाही.

एका शनिवारी दुपारी हॉलमध्ये बसले. पप्पांच्या डिस्कचं प्लास्टिकचं कवच उघडलं, आतली डिस्क काढली. पप्पांनी विचारलं, "उघडायलाच पाहिजे का गं?" मी म्हटलं, हो. डाव्या खाचेत नवी डिस्क, उजव्या खाचेत पप्पांची. लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक पर्याय आला – मिरर. आरसा. दोन्ही डिस्कवर कायम तेच राहील, एक बिघडली तरी दुसरी शाबूत. हेच तर हवं होतं. मी धरून चालले की पप्पांच्या डिस्कवर जे आहे ते नवीवर उतरेल. आरसा म्हटल्यावर तुम्हालाही तसंच वाटलं नसतं का? – नको, हा प्रश्न खोडला असं समजा.

मग एक लाल चौकट आली. त्यात इंग्रजीत चार ओळी, आणि खाली टिक करायला एक रिकामा चौकोन. पप्पा माझ्या मागे उभे होते. त्यांनी चष्मा शर्टाच्या खिशातून काढला, पण लावला नाही. आमच्या घरात इंग्रजी कागद मी वाचायचे, ही पद्धतच पडली होती – बँकेचा असो, विम्याचा असो. पप्पांना वाचता येत नव्हतं असं नाही. केंद्रातली सगळी मॅन्युअल इंग्रजीतच होती, ती त्यांनी जन्मभर वाचली. पण मला एवढ्या महागड्या शाळेत घातलं होतं ना. मी वाचलं की त्यांना बरं वाटायचं.

"काय लिहिलंय गं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही पप्पा. नेहमीचंच असतं."

मी ते वाचलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की दोन्ही डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.

मी टिक केलं. पप्पा चहा टाकायला आत गेले. थोड्या वेळाने स्क्रीनवर एक गोल आलेख आला – मोकळी जागा, सगळीच्या सगळी. दोन्ही डिस्क अगदी एकसारख्या झाल्या होत्या. रिकाम्या. बघताक्षणी मला कळलं. आणि मी नुसती बघत बसले. खाली एक पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. डबा आता डावीकडच्या डिस्कवरचं रिकामपण उजवीकडच्या डिस्कवर उतरवत होता.

तेवढ्यात लाईट गेली.

खरंच गेली. मेंटेनन्ससाठी शनिवारची जाते तशी. पंखा थांबला, डब्याचे दिवे विझले. पप्पा स्वयंपाकघरातून दोन कप घेऊन आले आणि दारातच थांबले. माझा चेहरा त्यांना दिसला असणार.

"काय झालं?"

लाईट जायच्या आधी मला माहीत होतं, हे मला पुन्हा लिहायचं आहे. आधी.

"मध्येच लाईट गेली ना," मी म्हटलं. "डिस्क गेली, पप्पा."

चूक कुणाकडूनही होते – मला माहीत आहे, तुम्ही असंच म्हणाल. पण मी चुकीबद्दल सांगत नाहीये. त्या चार शब्दांबद्दल सांगतेय. आणि खरं म्हणजे त्यांच्याबद्दलही नाही, त्यानंतरच्या संध्याकाळबद्दल.

लाईट परत आली. डबा आपोआप सुरू झाला आणि पट्टी जिथे थांबली होती तिथून पुढे सरकू लागली. मी माझ्या खोलीत जाऊन फोनवर शोधलं. माझ्यासारख्याच कुणा नवख्याने हाच घोटाळा केला होता, आणि लोकांनी त्याला एकच सांगितलं होतं – ताबडतोब बंद कर. डिस्क बाहेर काढ, तिला हात लावू नकोस, जाणकाराकडे ने. अजून बरंच परत मिळेल. जितका वेळ चालू ठेवशील, तितकं कायमचं जाईल.

मी ते वाचलं. या वेळी प्रत्येक शब्द वाचला.

तेवढ्यात पप्पा दारात आले. म्हणाले, कॉलेज रोडला एक जण गेलेल्या डिस्कमधलं काढून देतो म्हणतात, आपण नेऊ या का? विचारताना आवाज असा, जणू माझी परवानगी मागत होते. मी विचार केला – तो माणूस डिस्क लावेल आणि सांगेल, डिस्कला काहीही झालेलं नाही, कुणीतरी पुसलीय. पप्पांच्या समोरच सांगेल.

"लाईटने गेलेली परत येत नाही," मी म्हटलं. "उगाच कशाला हेलपाटा."

पप्पांनी मान हलवली. बाहेर हॉलमध्ये डब्याचा दिवा लुकलुकत होता. प्लग माझ्या खोलीपासून चार पावलांवर होता. मी उठले नाही. आम्ही जेवलो, आईने भांडी आवरली, टीव्हीवर मालिका लागली – आणि टीव्हीच्या शेजारी तो डबा शांतपणे पुसत राहिला. रविवारी पट्टी भरली. दोन्ही दिवे हिरवे झाले.

पप्पा माझ्यावर चिडले असते का? नसते बहुतेक. ते कधी चिडत नाहीत. मला कसली भीती होती, ते मला आजही नीट सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी त्याने काही बदलत नाही.

पप्पांनी दोष लाईटला दिला नाही. हे मी गृहीत धरलं नव्हतं. लाईटचं नाव घेतलं की विषय संपेल, लाईटला कोण काय बोलणार, असं मला वाटलं होतं. पप्पांनी तो दोष स्वतःवर घेतला. इन्व्हर्टर घेतला नाही म्हणून. पुढच्याच आठवड्यात इन्व्हर्टर घरात आला. मोठा, बॅटरीसकट, बाल्कनीच्या दाराशी. आईच्या तोंडून निघालंच, "मी दर वर्षी सांगत होते." हलवायाचा विनोद त्यानंतर त्यांनी कधी केला नाही.

सकाळी फिरायला जाणाऱ्या त्यांच्या ग्रुपमध्ये केंद्रातलीच माणसं. तिथेही कळलं. एकदा मी दुधाला खाली गेले होते, तेव्हा गेटपाशी एक काका त्यांना म्हणत होते, "काय जाधव, जन्मभर लाईट केली आणि तिनेच दगा दिला? घरच्याच मालाने मारलं राव!" सगळे हसले. पप्पाही हसले. मी पिशवी घेऊन बाजूने निघून गेले.

आणि मग सोनवणे काकू आल्या.

सोनवणे काका पप्पांचे शिफ्टमधले जोडीदार. दर गणपतीत स्टेजवर नकला करायचे – केंद्राच्या भोंग्याची, बॉयलरच्या वाफेची, आणि टेबलावर पेन आपटून बोलणाऱ्या एका साहेबांची. ते साहेब पहिल्या रांगेत बसलेले असायचे आणि सगळ्यात जास्त तेच हसायचे. काका कोविडमध्ये गेले. त्यांच्या प्रशांतचं लग्न ठरलं होतं, मुलगी मनमाडची. हळदीच्या दिवशी हॉलमध्ये पडद्यावर काकांची नक्कल लावायची, असं काकूंच्या मनात होतं.

"सूनबाईने सासऱ्याचा आवाज ऐकलेलाच नाय," काकू म्हणाल्या. "म्हटलं भाऊंकडे असंलच. भाऊंकडे सगळ्यांचं असतं."

मी पाण्याचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पप्पा खुर्चीवरून उठले. त्यांनी हात जोडले – खरोखर जोडले, आपल्यापेक्षा लहान असलेल्या बाईपुढे.

"वहिनी, चूक माझी आहे. इन्व्हर्टर घ्यायला पाहिजे होता, मी मस्तीत राहिलो. सगळं गेलं. तुमच्या माणसाचा आवाज माझ्यामुळे गेला."

काकूही उठल्या. मग त्या म्हणाल्या, "असं काय करता भाऊ, बसा बरं खाली. लायटीपुढं कुणाचं काय चालतंय?" आणि पप्पांनाच धीर देत बसल्या. जी मागायला आली होती तीच समजूत घालत होती. मी ट्रे ओट्यावर ठेवला. मग ग्लास एकेक करून बाहेर नेले. काकू म्हणाल्या, "किती शांत आहे हो पोरगी."

तेव्हा बोलता आलं असतं. त्याआधीही, त्यानंतरही. एकही दिवस असा गेला नाही की ज्या दिवशी बोलता आलं नसतं.

लग्नाला आम्ही मनमाडला गेलो. पप्पांनी सगळं लग्न फोनवर टिपलं – हळद, मांडव, जेवणाच्या पंगती, नव्या सुनेला मिठी मारणाऱ्या काकू. पडद्यावर काकांचा एक फोटो लावला होता. हलत नव्हता, बोलत नव्हता. पप्पांनी तोही बराच वेळ टिपला.

घरी आल्यावर त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "हे तुझ्या डब्यात नीट ठेवून दे. आता लाईट गेली तरी भीती नाही." मग बाल्कनीच्या दाराशी उकिडवे बसले, इन्व्हर्टरच्या बॅटरीचं बूच उघडलं आणि डिस्टिल्ड वॉटर ओतू लागले. ते हे फार जपून करतात. एक थेंब बाहेर सांडू देत नाहीत.

जुनी डिस्क फेकून दिली का, असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी हो म्हणाले होते.

ती फेकलेली नाही. तिला कधी काही झालंच नव्हतं. ती डब्यात आहे, उजवीकडे, दिवा हिरवा. प्रशांतचं लग्न मी तिच्यावरही ठेवलं.